पडकई

पडकई : सह्याद्रीच्या डोंगरउतारांवर परस्परांच्या श्रमातून भातखाचरे घडवण्याची सामुदायिक पद्धत. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव व जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम भागातील महादेव कोळी (पहा : महादेव कोळी) शेतकऱ्यांत ती रूढ आहे. पावसाळी पिके निघाल्यावर काही कुटुंबे एकत्र येऊन पाळीपाळीने एकेकाच्या जमिनीवर राबतात; श्रमाची फेड श्रमानेच होते. उतारावर दगडी ताल (बांध) रचून तिच्यामागे माती भरतात आणि खाचर समपातळीत आणतात. एकट्या कुटुंबाला न पेलणारे असे हे काम आहे. तालीमुळे जोरदार पावसातही माती टिकते, पाणी अडते आणि नाचणी-वरईच्या वरकस जमिनीत (पहा : वरकस शेती) भात पिकतो. डिंभे धरणाच्या जलाशयात (पहा : घोड नदी) सखल शेते बुडाल्यानंतर वरच्या उतारांवरील पडकईचे महत्त्व वाढले.