थेरीगाथा : शोकातून आलेली श्रद्धा

मराठी स्त्रीकवितेचा इतिहास आपण महदंबा, मुक्ताबाई, जनाबाई यांच्यापासून सांगतो. पण प्रेम, वियोग आणि श्रद्धा यांविषयी या देशातील स्त्रिया त्यांच्या कितीतरी शतके आधी पाली भाषेत बोलल्या आहेत. खुद्दक निकायातील 'थेरीगाथा' हा त्याचा पुरावा. त्यात ७३ थेरींच्या कविता आणि सुमारे ५२० गाथा आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत राहिलेला हा ठेवा रिचर्ड पिशेल यांनी संपादित केला आणि पाली टेक्स्ट सोसायटीने तो १८८३ साली छापला.

या गाथा वाचताना एक पथ्य पाळले पाहिजे. गाथा वेगळ्या आणि त्यांवर धम्मपालाने कित्येक शतकांनी लिहिलेली अट्ठकथा वेगळी. मेलेले मूल कडेवर घेऊन मोहरीचे दाणे मागत फिरणारी किसा गोतमी सर्वांना ठाऊक असते. तिच्या नावावरील गाथांत मात्र मोहरीची गोष्ट नाही. तिथे बाईच्या जन्माचे दुःख आहे : सवतीचा जाच, बाळंतपणाच्या वेणा, जगणे असह्य होऊन गळा चिरून घेणाऱ्या, विष घेणाऱ्या स्त्रिया. कथेने गोतमीला केवळ शोकाकुल आई केले. गाथेत ती समस्त स्त्रियांच्या वतीने बोलते.

उब्बिरी आपल्या मृत मुलीला, जीवेला, हाका मारीत रानात रडते. बुद्ध तिला विचारतो, याच स्मशानात जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली जळाल्या. त्यांतल्या कोणत्या जीवेसाठी तू रडतेस? हा प्रश्न वरवर कठोर वाटतो. परंतु 'देवाची इच्छा' म्हणून तो तिची समजूत घालीत नाही. तिचे दुःख तो सर्वांच्या दुःखाशेजारी ठेवतो आणि तिच्या काळजातला बाण निघतो. वासेट्ठी पुत्रशोकाने वेडी होऊन, केस मोकळे सोडून, तीन वर्षे उकिरड्यांवर आणि स्मशानांत भटकली. बुद्धाचा उपदेश ऐकून ती भानावर आली. या स्त्रियांना कुणी प्रेम केल्याबद्दल दोषी ठरवलेले नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

आणि पुण्णा! ती पाणी भरणारी दासी. मालकिणीच्या माराच्या आणि शिव्यांच्या भीतीने कडाक्याच्या थंडीतही तिला पाण्यात उतरावे लागे. त्याच पाण्यात एक ब्राह्मण पाप धुण्यासाठी कुडकुडत उभा होता. पुण्णा त्याला विचारते, स्नानाने मुक्ती मिळत असेल तर बेडूक, कासव, मगरी सगळेच स्वर्गाला जातील की! आणि नदी पाप वाहून नेते, तर पुण्यही वाहून नेणार नाही का? ब्राह्मण निरुत्तर होतो आणि बुद्धाला शरण जातो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावणाऱ्या समाजाला पुण्णेचा हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही. पाण्याच्या पावित्र्याचा हिशेब त्या दासीने पूर्वीच मागितला होता.

येथे कुणी म्हणेल, याच संघाने भिक्षुणींवर आठ गुरुधर्म लादून त्यांना भिक्षूंच्या खाली बसवले. विनयपिटकात ते नमूद आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. उलट, अशा चौकटीत राहूनही या स्त्रियांचे शब्द स्वतंत्र ग्रंथ म्हणून टिकले, यातच त्यांचे बळ दिसते.

थेरींची श्रद्धा प्रश्न थांबवून आलेली नाही. उब्बिरी एका प्रश्नाला सामोरी गेली, पुण्णेने स्वतःच प्रश्न विचारले. दोघी पोचल्या त्या विवेकापाशी. १९५६ च्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणाऱ्या घरांत वंदनेबरोबर थेरीगाथाही वाचली गेली पाहिजे. आपल्या मुलींना आपली पहिली कवयित्री कोण, हे सांगताना पाणी भरणाऱ्या पुण्णेचे नाव ओठांवर यायला हवे.