ओट्याचा दगड

ओट्याचा दगड : स्वयंपाकघरात उभ्याने काम करण्याचा ओटा आणि खोलीच्या मधोमध सुटा उभारलेला ओटा (आयलंड) यांवर बसवायची नैसर्गिक दगडाची लादी. लादी पसंत करताना गिऱ्हाईक आधी रंग पाहते, मग भाव. ओट्याचे आयुष्य मात्र दगडात कोणती खनिजे आहेत, त्यावर ठरते.

महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग बेसाल्टचा आहे. त्यातून पाटे, वरवंटे, जाती घडली. परंतु हा खडक भेगांनी तुटलेला असल्यामुळे मोठ्या सलग लाद्या त्यातून सहसा निघत नाहीत. त्यामुळे मराठी घरातला ओटा बहुधा परप्रांतीय असतो. कडप्पा आंध्र प्रदेशातून, शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातून, तर कोटा फरशी आणि मकराण्याचा संगमरवर राजस्थानातून येतो. ग्रॅनाइट मुख्यतः आंध्र, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू आणि राजस्थान या राज्यांतून येतो.

ओट्याच्या दृष्टीने या दगडांचे दोन गट पडतात. कडप्पा, शहाबादी आणि कोटा हे चुनखडक आहेत, तर संगमरवर हा चुनखडकाचाच रूपांतरित प्रकार आहे. त्यांतले मुख्य खनिज कॅल्साइट. मोस मापक्रमावर त्याची कठिनता 3, म्हणजे सुरीच्या पात्यापेक्षा कमी. ग्रॅनाइटमध्ये क्वॉर्ट्झ (7), फेल्डस्पार (6) आणि थोडे अभ्रक असते. बाजारात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून विकले जाणारे दगड बहुधा ग्रॅनाइट नसून गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमकुर्तीचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ हा त्यांतला प्रसिद्ध दगड; त्यातले सोनेरी ठिपके पायरोक्सीन गटातल्या खनिजाचे असतात. शास्त्रीय नाव चुकले तरी गिऱ्हाइकाचे यात नुकसान नाही. गॅब्रो घट्ट असतो, तेल-पाणी फारसे पीत नाही आणि आम्लाला दाद देत नाही.

मराठी स्वयंपाकात आम्लाला तोटा नाही. लिंबू, चिंच, कोकमाचे आगळ, ताक, टोमॅटो यांपैकी काही ना काही रोज ओट्यावर सांडते. आम्ल कॅल्साइटला विरघळवते आणि पॉलिश उडून तिथे मळकट पांढरा चट्टा राहतो. हा डाग नव्हे. डाग म्हणजे दगडाने शोषलेला हळदीचा किंवा तेलाचा रंग. तो खायच्या सोड्याचा लेप लावून बराचसा काढता येतो. चट्टा पडला तेथे मात्र दगडच झिजलेला असतो आणि पुन्हा घासून पॉलिश करण्याखेरीज उपाय नसतो. सीलर दगडाची शोषण्याची क्षमता कमी करतो, पण संगमरवरावरचे आम्लाचे चट्टे थांबवत नाही. विक्रेते ही गोष्ट क्वचितच सांगतात. ज्यांना पांढरा संगमरवरच हवा आहे, त्यांनी तो चकचकीत न घेता मंद, होन केलेला घ्यावा. चट्टे त्यावरही पडतात, फक्त कमी दिसतात.

कडप्प्याचा मान वरच्या लादीपेक्षा खालच्या कामात जास्त आहे. ओट्याचे उभे पाय, आतले कप्पे आणि वरच्या ग्रॅनाइटखालचा आधार यांसाठी तो स्वस्त आणि पुरेसा मजबूत ठरतो. ओट्यावर मात्र तो लवकर करडा पडतो. तेलाचा हात फिरवला की काही दिवस पुन्हा काळा दिसतो.

परीक्षा दुकानातच करता येते. विक्रेत्याकडून त्याच लादीचा तुकडा मागून त्यावर लिंबू पिळावे आणि पंधरा मिनिटांनी पुसावे. चमक गेली, तर नाव काहीही असो, तो चुन्याचा दगड आहे. ‘क्वॉर्टझाइट’ म्हणून दाखवलेल्या पांढऱ्या दगडाची कड काचेवर ओढावी. खऱ्या क्वॉर्टझाइटने काचेवर ओरखडा उठतो, संगमरवराने उठत नाही. फिकट ग्रॅनाइटवर पाणी ठेवून दहा मिनिटांत तिथला रंग गडद झाला, तर तो हळदही पिणार. अति काळ्या लादीवर ॲसिटोनचा बोळा फिरवावा. बोळा काळा झाला, तर लादीला रंग चढवलेला आहे. पाठीला जाळी चिकटवलेली असेल, तर दगड मुळात भेगाळ आहे का, हे विचारावे.

देशी बाजारात लादी बहुधा 16 ते 18 मिलिमीटर जाडीची मिळते. निर्यातीच्या मालात 20 आणि 30 मिलिमीटर सर्रास असते. 18 मिलिमीटर ग्रॅनाइटचे वजन चौरस फुटाला सुमारे साडेचार किलो भरते, म्हणजे 6 बाय 3 फुटांचे आयलंड 80 किलोच्या आसपास जाते. आयलंडवर जोड डोळ्यांत भरतो. म्हणून त्याचे माप लादीच्या मापावरून ठरवावे. बसायला बाहेर काढलेली कड पातळ लादीत सहा इंचांपलीकडे आधाराशिवाय नेऊ नये. जाड दिसणारी कड बहुधा खाली चिकटवलेल्या पट्टीमुळे जाड दिसते, त्याने लादीचे बळ वाढत नाही.

ओटा सहसा सिंक किंवा शेगडीच्या कापासमोरच्या अरुंद पट्टीवर तडकतो. कापाचे आतले कोपरे काटकोनी न ठेवता गोल करावेत. ग्रॅनाइटवर गरम कढई टेकवली तरी चालते. नारळ फोडणे आणि खलबत्ता चालवणे मात्र पायाच्या बरोबर वरच करावे, अधांतरी भागावर नव्हे.

बाजारात क्वॉर्ट्झ नावाने मिळणारी लादी नैसर्गिक दगड नव्हे. क्वॉर्ट्झचा चुरा रेझिनमध्ये बांधून ती कारखान्यात तयार करतात. तिच्यावर डाग क्वचितच पडतो, पण गरम भांड्याने रेझिन जळते. शिवाय कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून अशा लाद्यांवर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्ये सिलिकाचे प्रमाण कमी असले तरी धोका आहेच. पाणी सोडत कापल्यास धूळ बरीच बसते. आपल्याकडे मात्र सिंकचा काप घरातच, कोरड्या कटरने, तोंडाला रुमाल बांधून मारला जातो.