राणीछाप रुपया

माझ्या आजीच्या गाडग्यात एक राणीछाप रुपया होता. तिच्या सासूनं दिलेला. चांदीचा, झिजून गुळगुळीत झालेला. आजी म्हणायची, "राणी कधी आपल्याला मारायला आली न्हाय बाबा. मारायला पाटील आला." मी हसायचो. आता हसत नाही. सूतगिरणीत रात्रपाळीच्या सुट्टीत चहा पिता पिता साखरेचा इतिहास वाचायला घेतला, आणि माझी आजी मला बार्बाडोसमध्ये भेटली.

बार्बाडोस म्हणजे कॅरिबियन भागातलं चिमूटभर बेट. इंग्रजांनी १६२७ साली तिथं वस्ती केली. पुढं उसाचे मळे लावले आणि राबायला आफ्रिकेतून माणसं आणली, बेड्या घालून. १६६१ साली गुलामांसाठी कायदा केला. शिक्षा देताना गुलाम मेला तर मालक निर्दोष! पुढं जमैकानंही हाच कायदा उचलला. आपल्याला मनुस्मृती ठाऊक आहे. ही ऊसवाल्यांची स्मृती.

राजाचे हात यात कोरडे नव्हते. गुलामांच्या व्यापाराची सनद कंपनीला दुसऱ्या चार्ल्स राजानंच दिली. कंपनीचा प्रमुख त्याचा भाऊ जेम्स. तोही पुढं राजा झाला.

तरीही बघा. १८१६ साली तिथल्या गुलामांनी बंड केलं. पुढारी बुसा. बंडाच्या आधी मळ्यामळ्यातून बातमी फिरत होती : विलायतेत आपली सुटका मंजूर झालीय, इथले मळेवाले ती दाबून बसलेत. म्हणजे मारणारा जवळचा, आणि तारणारा समुद्रापलीकडचा. आजीचंच बोलणं! आणि बंड मोडायला कोण आलं? मळेवाल्यांच्या जोडीला राजाच्याच पलटणी. त्यात काळ्या शिपायांची वेस्ट इंडिया रेजिमेंटसुद्धा होती.

१८३४ साली गुलामी कायद्यानं उठली. ब्रिटिश सरकारनं दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? मालकांना. ज्यांच्या पाठी सोलल्या त्यांना छदाम नाही. उलट १८३८ पर्यंत 'उमेदवारी'च्या नावाखाली त्याच मळ्यात राबायचं.

१९६६ साली बार्बाडोस स्वतंत्र झाला. पण राष्ट्रप्रमुख राणीच. राष्ट्रकुलात राहायचं तर राजा ठेवलाच पाहिजे असंही नव्हतं. प्रजासत्ताक होऊनही त्यात राहता येतं, ही वाट १९४९ सालीच भारतानं पाडली होती. १९९८ साली तिथल्या घटना आयोगानंही प्रजासत्ताक व्हा असं सांगितलं. तरी आणखी तेवीस वर्षं गेली.

लोकांना राजा एवढा का आवडतो? मला वाटतं, आवडत नसतोच. १९९९ साली ऑस्ट्रेलियात जनमत घेतलं. सुमारे ५५ टक्के मतं राणी काढण्याविरुद्ध पडली. त्यातल्या कितीकांना राणी नकोच होती. पण राष्ट्राध्यक्ष आम्ही नाही, संसद निवडणार, हेही नको होतं. २००९ साली सेंट व्हिन्सेंट या बेटावर तेच. राणीला काढणारी नवी घटना लोकांनी पाडली. म्हणजे राणीवर प्रेम असो नसो, जवळच्या पुढाऱ्यावर भरवसा नाही!

बार्बाडोसनं जनमत घेतलंच नाही. संसदेनं ठराव केला आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला राणी गेली, सँड्रा मेसन राष्ट्राध्यक्ष झाल्या. राजा काढला ते बरंच केलं. पण जनतेला न विचारता काढला, हे मला खटकतं. त्या समारंभाला राणीचा मुलगा चार्ल्स हजर होता. गुलामीला त्यानं इतिहासावरचा डाग म्हटलं. माफी मागितली नाही. वर त्यालाच बार्बाडोसचा 'स्वातंत्र्या'चा किताब दिला. तिथले कार्यकर्ते चिडले. का चिडू नये?

आणि जमीन? ड्रॅक्स हॉल नावाचा मळा आहे तिथं. दोनशे वर्षं गुलाम राबले त्यात. २०२४ सालीही मालकी त्याच ड्रॅक्स घराण्याची. सरकारनं घरं बांधायला त्यातला तुकडा विकत घ्यायचं ठरवलं. लोक खवळले. ज्यांनी आमचे आजे-पणजे राबवले, त्यांनाच पुन्हा पैसे? सरकारला व्यवहार थांबवावा लागला. म्हणजे राणी गेली, पण तिच्या राज्यात झालेला सातबारा तसाच.

दोस्तहो, माझ्या आजीला मी मूर्ख म्हणणार नाही. तिनं पाटलाचा मार खाल्लाय. पण बाबासाहेबांनी १९३० साली गोलमेज परिषदेत, लंडनमध्येच, साहेबाला तोंडावर विचारलं होतं : तुमच्या आधी आम्हाला गावच्या विहिरीचं पाणी मिळत नव्हतं. तुम्ही आलात, मग मिळालं का?

राणीनं मारलं नाही हे खरं. पण पाटलाचा हात तिनं धरलाही नाही.

म्हणून कुठंही खुर्चीवरचं माणूस बदललं, तसबीर उतरली, बँड वाजला, की टाळ्या जरूर वाजवा. पण तिथंच विचारा : विहीर कुणाची? जमीन कुणाच्या नावावर?