खोगीरभरती: जुन्या पोर्शची सीट शिवायची की बदलायची?

"खोगीरभरती" हा शब्द आपण बिनकामाच्या भरण्यासाठी वापरतो. टीममध्ये उगाच दहा माणसं घेतली की म्हणतो, सगळी खोगीरभरती. पण मुळात ते खोगिराच्या आत कोंबलेलं भरण असतं, आणि आजची गोष्ट त्या भरणाचीच आहे. फक्त घोड्याच्या जागी पोर्श आहे.

चला जर्मनीत, श्टुटगार्टला. 1906 मध्ये विल्हेल्म रॉयटर नावाच्या माणसाने तिथे गाड्यांच्या बॉडी बनवायचा कारखाना काढला. हा माणूस पेशाने खोगीर बनवणारा कारागीर. जर्मनमध्ये त्याला साटलर म्हणतात, आणि गंमत बघा, आजही तिकडे गाडीच्या सीट शिवणाऱ्यालासुद्धा साटलरच म्हणतात. घोडा गेला, गाडी आली, शब्द मात्र तोच राहिला.

1950 मध्ये पोर्शने श्टुटगार्टमध्ये 356 हे मॉडेल बनवायला घेतलं, तेव्हा बॉडी रॉयटरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. 1963 मध्ये पोर्शने रॉयटरचा बॉडीचा धंदाच विकत घेतला. मग रॉयटरकडे उरलं काय? सीट! कंपनीने नवं नाव घेतलं: रॉयटरमधला "रे" आणि कारोसेरी, म्हणजे बॉडी, यातला "कारो". झालं रेकारो. दोनच वर्षांनी, 1965 मध्ये, फ्रँकफर्टच्या मोटर शोमध्ये त्यांनी आपली स्पोर्ट सीट मांडली. कल्पना साधी होती: गाडीबरोबर आलेली सीट काढा आणि वळणावर अंग धरून ठेवणारी ही सीट बसवा. म्हणजे ज्या घराने मूळ सीट शिवल्या, त्याच घराने सीट बदलायची सवयही लावली.

आता सीट झिजते कशी ते पाहू. 911 सारखी स्पोर्ट्स कार बुटकी असते. तिच्यात आपण बसत नाही, उतरतो. दर वेळी मांडी दाराकडच्या उंच कडेवरून घासत जाते. म्हणून ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड आधी जाते आणि शेजारची सीट बहुधा चांगली राहते. ही झीज म्हणजे एक प्रकारचा लॉगच आहे. गाडी किती चालली, कोण किती वेळा चढलं-उतरलं, सगळं तिथे उमटलेलं असतं.

पण वरचं चामडं फाटायच्या आधी बऱ्याचदा आतलं भरण बसतं. 356 आणि सुरुवातीच्या 911 मध्ये स्प्रिंगांवर घोड्याच्या केसांचा, रबराने चिकटवलेला थर असायचा. म्हणजे शब्दशः खोगीरभरती! रबर वाळलं की तो थर भुगा होऊन गळतो. पुढे फोम आला. हा फोम म्हणजे पॉलियुरेथेन. ते रसायन 1937 मध्ये ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेव्हरकुझेनला शोधलं. पण तेही अमर नाही. ऊब, दमट हवा आणि ऑक्सिजन यांनी त्याच्या साखळ्या तुटतात आणि फोमची भुकटी होते. खालचा आधार गेला की चामडं ताणलं जातं, शिवण उसवते. आपल्याला फाटलेलं वर दिसतं, दुखणं मात्र आत असतं.

इथेच खरा प्रश्न येतो. नवं कव्हर घालणं आज सोपं झालंय. 1965 पासून 911 मध्ये आलेलं पेपिता हे चौकड्यांचं कापड असो, किंवा 1977 च्या 928 मधलं नजर गरगरवणारं पाशा डिझाइन असो, पोर्शचा क्लासिक विभाग ही कापडं पुन्हा बनवून विकतो. पण समजा, 1974 ची पहिली 911 टर्बो तुमच्यासमोर आहे. लुईझ पिएश, म्हणजे फेरी पोर्श यांची बहीण, यांना सत्तराव्या वाढदिवसाला मिळालेली, लाल-निळ्या टार्टन सीटची. ते कापड थोडं विरलं म्हणून काढून टाकाल? नवं कापड हुबेहूब असेल, पण त्यावर त्या बसलेल्या नसतील.

जुन्या गाड्यांच्या जागतिक संघटनेने, फिवाने, 2012 मध्ये तुरीन सनद केली. तिचा कल स्पष्ट आहे: आधी जतन, मग गरजेपुरती दुरुस्ती, आणि जे केलं त्याची नोंद. मला हे पटतं, कारण आपल्याकडे पिंजारी हेच करायचा. गादीचा कापूस पिंजून पुन्हा भरायचा, आणि खोळ धड असेल तर तीच ठेवायची.

म्हणून माझा क्रम असा. सीटचे रूळ, फ्रेम आणि पाठ अडकवणारा खटका यांत गंज किंवा तडा असेल, तर भावना बाजूला ठेवा आणि बदला. तिथे जिवाचा प्रश्न आहे. आतलं भरण बिनधास्त नवं करा, ते कोणाला दिसत नाही आणि त्याचं कामच आधार देणं आहे. उसवलेली शिवण शक्यतो जुन्याच भोकांतून शिवा, कारण नवी भोकं चामड्याला तिकीट फाडावं तसं कमकुवत करतात. छोट्या चिरेला मागून ठिगळ लावून रंग जुळवा. पूर्ण कव्हर बदलणं हा शेवटचा उपाय. आणि बदललंच, तर जुनं कव्हर फेकू नका. तारीख लिहून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा. पुढच्या मालकाला आणि पुढच्या साटलरला त्या शिवणीचा माप म्हणून उपयोग होईल.

नवी सीट पैसे टाकले की मिळते. पन्नास वर्षं चढून-उतरून झिजलेली कड कुठेच विकत मिळत नाही. तुम्ही काय कराल, शिवाल की बदलाल? जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात!