दोष पात्राचा, किंमत कोणाची? मोक्षपटापासून कंकाच्या फाशांपर्यंत

१/ आजच्या सापशिडीत साप हा केवळ साप असतो. जुन्या मोक्षपटावर मात्र त्याला नाव होते: ईर्ष्या, द्वेष, कुसंग, अहंकार. माणसाचे दोष खेळात आणायचे कसे आणि आणल्यावर सांभाळायचे कसे, हा प्रश्न आजच्या रोल-प्लेइंग गेम्सना पडतो. आपल्या परंपरेत तो फार आधी पडलेला आहे. त्याचा हा धावता इतिहास. 🧵

२/ मराठीत मोक्षपटाचे श्रेय परंपरेने संत ज्ञानेश्वरांना दिले जाते. संग्रहालयांतून दिसणारे पट मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत. वैष्णव पट बहुधा ७२ घरांचा, तर जैनांची ज्ञानबाजी ८४ घरांची. पर्युषणात ती खेळली जाई. मीरा-भाईंदरमध्ये स्थिरावलेली बहुसंख्य जैन कुटुंबे ज्या राजस्थान-गुजरातेतून आली, त्याच प्रदेशांत असे अनेक पट रंगवले गेले.

३/ ७२ घरांच्या पटाची रचना मार्मिक आहे. ५४वे घर भक्तीचे. तेथून शिडी थेट ६८व्या घरी, वैकुंठात. त्याला लागूनच ५५वे घर अहंकाराचे. तेथला साप खेळाडूला तळाच्या ओळीत नेऊन टाकतो. भक्ती आणि अहंकार यांत अंतर अवघ्या एका दानाचे.

४/ पण या पटाला एक मर्यादा आहे. कवडी पडेल तशी सोंगटी सरकते. अहंकाराच्या घरात पोहोचलेला खेळाडू अहंकाराने वागलेला नसतो. तो फक्त तेथे पोहोचलेला असतो. येथे दोष भोगावा लागतो, करावा लागत नाही. १८९२ मध्ये इंग्लंडात या खेळाचे पेटंट घेतले गेले. पुढे हळूहळू सापांची नावेही पुसली गेली आणि उरली ती निव्वळ शर्यत.

५/ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. आता सोंगटीच्या जागी पात्र आले आणि पात्राला स्वभाव आला. ‘चॅम्पियन्स’ (१९८१) आणि ‘गर्प्स’ (१९८६) या खेळांनी तर दोषांचा बाजारच मांडला: पात्रासाठी एखादा दोष पत्करा, त्या बदल्यात गुणांक घ्या आणि ते बळ वाढवण्यासाठी खर्च करा.

६/ बाजार आला की हिशेबही आला. वाळवंटातल्या मोहिमेवर निघालेल्या पात्राला खोल पाण्याची भीती! दोष कागदावर, नफा हातात. ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘पेंड्रॅगन’ने (१९८५) वेगळी वाट काढली. तेथे स्वभावाच्या तेरा जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीची बेरीज २०. औदार्य वाढले की स्वार्थ तेवढाच घटतो. निर्णायक क्षणी स्वभावावरच फासा टाकला जातो.

७/ ‘फेट’ या खेळाने बक्षीस आधी देण्याऐवजी नंतर ठेवले. दोषामुळे प्रत्यक्ष अडचण आली, तरच खेळाडूला एक गुण मिळतो. अडचण नको असेल तर पदरचा एक गुण मोजावा लागतो. हिशेबाचा पेच असा बराचसा सुटला. दुसरा पेच मात्र नियमांनी सुटणारा नाही. चोरट्या पात्राचा खेळाडू सोबत्यांच्याच थैल्या कापतो आणि वर म्हणतो, “माझे पात्रच तसे आहे.” दोष त्याचा, किंमत इतरांची.

८/ हाच पेच सभापर्वात आहे. आव्हान आल्यास द्यूत नाकारायचे नाही, हे युधिष्ठिराचे व्रत. म्हणजे त्याचा दोष त्याच्या गुणाच्याच आड उभा आहे. तो राज्य हरतो, भाऊ हरतो, स्वतःला हरतो आणि मग द्रौपदीला पणाला लावतो. तिचा प्रश्न नेमका आहे: आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? सभेत भीष्मांनाही याचे निर्णायक उत्तर देता येत नाही.

९/ वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. नलही द्यूतात सर्वस्व हरला होता. ऋतुपर्णाला अश्वविद्या देऊन त्याच्याकडून त्याने अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, घेतले आणि राज्य परत जिंकले. कथेअखेर बृहदश्व तीच विद्या युधिष्ठिराला देतात. दोष पुसला जात नाही. त्याचे मर्म शिकवले जाते.

१०/ मग येतो अज्ञातवास, आणि पाचही पांडवांना भूमिका निवडावी लागते. युधिष्ठिर निवडतो ती द्यूतनिपुण कंकाची! ज्या व्यसनाने सर्वस्व गेले, तेच आता सोंग. विराट राजा फासे मागवतो, तेव्हा कंक द्यूताचे दोष सांगतो आणि दाखला देतो तो राज्य व भाऊ हरलेल्या युधिष्ठिराचाच. तरीही राजाच्या इच्छेखातर खेळायला बसतो.

११/ खेळता खेळता कंक बृहन्नडेची स्तुती करतो. संतापलेला विराट फासा त्याच्या तोंडावर मारतो, नाकातून रक्त येते. ते भूमीवर पडले असते तर विराटाचा राज्यासह नाश झाला असता, असे युधिष्ठिर पुढे सांगतो. तो रक्त ओंजळीत धरतो आणि द्रौपदीकडे पाहतो. ती पात्र पुढे करते. द्यूतसभेत दोषाची किंमत तिच्यावर लादली गेली होती. येथे घाव तो स्वतः सोसतो, आणि ती मदत करते ती स्वेच्छेने.

१२/ पात्र सदोष असावे. निर्दोष पात्राला कथा नसते. पण दोष निवडणाऱ्याने त्याची पहिली किंमत स्वतः मोजावी, आणि इतरांना त्यात ओढण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी. खेळ सुरू होण्याआधी सर्वांनी एकत्र बसून हे ठरवण्याची रीत आज अनेक गटांत रुळली आहे. हस्तिनापूरच्या सभेत द्रौपदीला कोणी विचारले नव्हते.