तळटीप : धर्मोपदेशकांचा विवाह

* धर्मसुधारक लूथरने १३ जून १५२५ रोजी निम्ब्शेनच्या मठातून दोन वर्षांपूर्वी निसटलेल्या काथारीना फॉन बोरा या संन्यासिनीशी विवाह केला, या एकाच घटनेवर ग्रंथकाराने दिलेला भर काहीसा दिशाभूल करणारा आहे. कारण केम्बर्गचा पुरोहित बर्नहार्डी याने १५२१ मध्येच लग्न केले होते, आणि खरा वाद कोणाच्या शीलाचा नसून अखत्याराचा होता. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने दीक्षित पुरोहिताचा विवाह मुळातच रद्दबातल ठरविला होता; लूथरपक्षाचे म्हणणे असे की, जे बंधन ईश्वरवचनात नाही ते घालण्याचा अधिकार पोपलाही नाही, आणि ब्रह्मचर्य हे विरळा कोणास लाभणारे ईश्वरी देणे असल्यामुळे ते हुकमाने सरसकट लादता येत नाही. १५३० च्या आउग्सबुर्ग श्रद्धाघोषणेच्या तेविसाव्या कलमात लूथरचा सहकारी मेलांख्थोन याने हीच बाजू मांडताना, जर्मन पुरोहितांवर ही सक्ती अवघ्या चारशे वर्षांपूर्वी झाली व ती जाहीर करणारा माइन्झचा महाधर्माध्यक्ष खवळलेल्या पुरोहितांच्या हातून मरता मरता वाचला, हा इतिहासही मोठ्या खुबीने गोवला आहे. विवाह हा ख्रिस्तस्थापित संस्कार नसून ऐहिक व्यवहार, सबब त्याचे खटले मुलकी सत्तेकडे असावेत, हेही लूथरचे मत. परंतु हेसेनचा संस्थानिक फिलिप याला पहिली पत्नी हयात असता दुसरी करण्यास त्याने १५३९ मध्ये गुप्तपणे दिलेली संमती पाहता, धर्मसभेच्या दप्तरातून सुटलेला कायदा राजेरजवाड्यांच्या सोयीने वाकेल, ही विरोधकांची भीती संपादकास अगदीच निराधार वाटत नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये जुना नियमच कायम केला.