लस घेतल्यावरची ॲलर्जी: आरोग्य कर्मचारी आणि त्यांच्या घरच्यांनी काय जाणून घ्यावे

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाला इतरांपेक्षा जास्त लशी घ्याव्या लागतात. हिपॅटायटिस बीचे तीन डोस, धनुर्वात-घटसर्पाची टीडी, काही ठिकाणी दरवर्षी फ्लूची लस, आणि 2021 पासून कोविडची. नर्स, आशाताई, लॅब टेक्निशियन, वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी, सगळेच यात येतात. त्यामुळे "लस घेतली आणि गरगरलं", "अंगावर पित्त उठलं", "आता पुढचा डोस घेऊ की नको?" हे प्रश्नही याच घरांतून जास्त येतात.

लस घेतल्यावर होणारा बहुतेक त्रास ॲलर्जीचा नसतो. दंड दुखणे, कणकण, डोकेदुखी, एक-दोन दिवस अंग मोडून येणे ही लशीची अपेक्षित प्रतिक्रिया आहे. दंडावर काही दिवसांनी आलेली लालसर सूजही सहसा आपोआप ओसरते. खरी तीव्र ॲलर्जी, जिला डॉक्टर ॲनाफिलॅक्सिस म्हणतात, विरळ असते, पण ती काही मिनिटांत येते आणि वेळेवर इंजेक्शन मिळाले नाही तर जीवावर बेतू शकते.

किती विरळ?

कोविडपूर्वी अमेरिकेत वेगवेगळ्या लशींचे अडीच कोटींहून जास्त डोस तपासले गेले. त्यांत ॲनाफिलॅक्सिसचे 33 रुग्ण आढळले, म्हणजे दहा लाख डोसमागे एक ते दोन.

कोविड लसीकरणाची सुरुवात जगभर आरोग्य कर्मचाऱ्यांपासून झाली आणि म्हणून ॲलर्जीची पहिली प्रकरणेही त्यांच्यातच दिसली. ब्रिटनमध्ये डिसेंबर 2020 मध्ये लसीकरणाच्या पहिल्याच दिवशी आरोग्य सेवेतील दोघांना तीव्र प्रतिक्रिया आली. दोघांनाही आधीपासून तीव्र ॲलर्जी होती, आणि दोघेही बरे झाले. अमेरिकेत बॉस्टनच्या मास जनरल ब्रिगहॅम रुग्णालय समूहाने आपल्या 64,900 लसवंत कर्मचाऱ्यांची पाहणी केली. सुमारे 2 टक्के लोकांनी खाज, पुरळ, घशात दाटल्यासारखे वाटणे अशा तक्रारी सांगितल्या. तपासाअंती ॲनाफिलॅक्सिस ठरले ते 16 जणांना. लक्षणे सरासरी 17 मिनिटांत सुरू झाली होती आणि सगळे बरे झाले. त्या लशी एमआरएनए प्रकारच्या होत्या. आपल्याकडे मुख्यतः कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दिल्या गेल्या, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा इथे लावू नये.

भारतात लसीकरण 16 जानेवारी 2021 ला सुरू झाले. पहिल्या दोन आठवड्यांत ते फक्त आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होते. लसीकरणानंतरच्या घटना तपासणाऱ्या राष्ट्रीय समितीने जून 2021 मध्ये जाहीर केलेल्या अहवालात लशीमुळेच झालेल्या ॲनाफिलॅक्सिसची तीन प्रकरणे होती. त्यांपैकी दोघांनी 16 आणि 19 जानेवारीला लस घेतली होती. दोघेही विशीच्या सुरुवातीचे. रुग्णालयात उपचार होऊन ते बरे झाले. तिसरे, मार्चमध्ये लस घेतलेले 68 वर्षांचे गृहस्थ मात्र दगावले. त्यामुळे "काही होत नाही हो" असे सरसकट सांगणे मला पटत नाही. होते, फार क्वचित होते, आणि त्यावर उपाय आहे.

भोवळ की ॲलर्जी?

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. सुई टोचल्यावर, विशेषतः उपाशीपोटी, उकाड्यात रांगेत उभे राहिल्यावर भोवळ येते. माणूस पांढराफटक पडतो, थंड घाम सुटतो, नाडी मंद होते. आडवे झोपवून पाय उंच केले की पाच-दहा मिनिटांत बरे वाटते. अंगावर पित्त उठत नाही, श्वासाला घरघर नसते.

ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी बहुतेक वेळा जलद असते. अंगभर खाज सुटून गांध्या उठतात, ओठ-पापण्या सुजतात, आवाज बसतो, खोकला किंवा घरघर सुरू होते, उलट्या होतात, छातीत दडपल्यासारखे वाटते, रक्तदाब खाली जातो. त्वचेवर काहीच न दिसता थेट श्वास किंवा रक्तदाब बिघडू शकतो हेही लक्षात ठेवा. शंका आली तर आडवे करा, उठवून चालवू नका. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर टेकून बसू द्या.

मुरुडसारख्या गावात याचा अर्थ

मुरुड (दापोलीचे, जंजिऱ्याचे नव्हे), हर्णै, आंजर्ले या किनारपट्टीवर काम करणाऱ्या आरोग्य सेविकेला लस घेतल्यावर त्रास झाला, तर आसूदची चढण चढून दापोलीचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे लागते. ॲनाफिलॅक्सिस तेवढी वाट पाहत नाही. म्हणून पहिले औषध लस दिली तिथेच मिळाले पाहिजे, आणि ते औषध म्हणजे ॲड्रिनॅलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. प्रत्येक लसीकरण सत्रात ॲड्रिनॅलिनचे ॲम्प्यूल, सिरिंज आणि वयानुसार डोसचा तक्ता असलेला किट असावा लागतो. त्यावरची मुदत तपासा. लस घेणारे तुम्हीच कर्मचारी असाल तर हे विचारायला लाजू नका.

एक सवय सोडायला हवी. ॲलर्जी म्हटली की आधी एव्हिल आणि स्टिरॉइडचे इंजेक्शन. ही औषधे खाज-पुरळ कमी करतात, पण कोसळलेला रक्तदाब किंवा बंद होऊ लागलेला घसा ती सावरत नाहीत. त्यांच्या नादात ॲड्रिनॅलिनला उशीर होतो. ॲड्रिनॅलिन दिल्यावर 108 बोलवा आणि बरे वाटले तरी रुग्णालयात जा, कारण काही तासांनी लक्षणे परत उलटू शकतात.

लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसायचे ते यासाठी. ओपीडीत रांग लागली आहे म्हणून पाचव्या मिनिटाला कामाला लागणारे सर्वांत जास्त आमच्याच व्यवसायात सापडतात.

कोणी आधी सांगावे?

कोळंबी, मासे, काजू, शेंगदाणे यांची ॲलर्जी असेल तर नेहमीच्या लशी टाळायचे कारण नाही. बोंडूच्या चिकाने हात सोलवटणे ही तर वेगळ्याच प्रकारची प्रतिक्रिया आहे. पेनिसिलिनची किंवा धुळीची ॲलर्जीही आड येत नाही.

सांगायलाच हवे ते असे: त्याच लशीच्या आधीच्या डोसनंतर काही मिनिटांत गांध्या, सूज किंवा धाप आली होती का? लशीतल्या एखाद्या घटकाची ॲलर्जी ठाऊक आहे का? उदाहरणार्थ कोविशील्डमध्ये पॉलिसॉर्बेट 80 असते, रेबीजच्या काही लशींत जिलेटिन. दमा आटोक्यात नसेल किंवा रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर तेही सांगा. या गोळीमुळे ॲड्रिनॅलिनचा परिणाम कमी होऊ शकतो.

आरोग्य कर्मचाऱ्यांत रबरी हातमोज्यांची, म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी इतरांपेक्षा जास्त दिसते. मोजे घातल्यावर लगेच गांध्या उठत असतील किंवा धाप लागत असेल तर कळवा, कारण काही बाटल्यांच्या बुचात लॅटेक्स असू शकते. वारंवार हात धुऊन कोरडी पडलेली, भेगाळलेली त्वचा म्हणजे लॅटेक्सची ॲलर्जी नव्हे.

"ॲलर्जिक" हा शिक्का

पहिल्या डोसला भोवळ आली, कोणीतरी कार्डावर "लशीची ॲलर्जी" लिहिले आणि ताईंनी हिपॅटायटिस बीचे उरलेले डोस घेतलेच नाहीत. असे घडते, आणि मला याची काळजी ॲलर्जीपेक्षा जास्त वाटते. लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर संसर्गाची शक्यता 6 ते 30 टक्क्यांपर्यंत असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के आहे.

शिक्का बसला असेल तर तो तपासून घ्या. नक्की किती मिनिटांनी काय झाले, काय औषध दिले, हे ॲलर्जीच्या डॉक्टरांना सांगितले की बऱ्याचदा पुढचा डोस देखरेखीखाली देता येतो. अमेरिकेतील एका अभ्यासात एमआरएनए लशीच्या पहिल्या डोसनंतर लगेच प्रतिक्रिया आलेल्या 159 जणांनी दुसरा डोस घेतला. काहींना किरकोळ त्रास झाला, पण सर्वांना तो डोस सोसला. खरे ॲनाफिलॅक्सिस होऊन गेले असेल तर मात्र तीच लस स्वतःच्या निर्णयाने पुन्हा घेऊ नका. कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस याला अपवाद आहे. तो आजार जवळपास नेहमीच जीवघेणा असतो, म्हणून जुनी ॲलर्जी असली तरी रुग्णालयात, तयारीनिशी ती दिली जाते.

नोंद

त्रास झाला तर लशीचे नाव, बॅच नंबर, वेळ आणि लक्षणे लिहून ठेवा, पुरळाचा मोबाइलवर फोटो काढा, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. गंभीर घटना जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांकडे जाते आणि तिची चौकशी होते. औषध-लशींच्या दुष्परिणामांसाठी 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांकही आहे. घरचे माणूसही तिथे माहिती देऊ शकते.